एलिझाबेथ पेराट्रोविच आणि अलास्काचा १९४५ चा कायदा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी उजाडला की अलास्कातल्या या बाईंचं नाव आणि एक टाळीबाज वाक्य सगळीकडे फिरू लागतं, आणि त्यामागोमाग तेच ते प्रश्न येतात. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्राथमिक आहेत, पुढचे जरा अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एलिझाबेथ पेराट्रोविच कोण होत्या? थोडक्यात सांगा.

अलास्काच्या त्लिंगित या मूळनिवासी समाजातल्या कार्यकर्त्या. जन्म ४ जुलै १९११, मृत्यू १ डिसेंबर १९५८. मूळनिवासी स्त्रियांच्या 'अलास्का नेटिव्ह सिस्टरहूड' या संघटनेच्या त्या मुख्य अध्यक्षा होत्या. हॉटेलं, दुकानं, चित्रपटगृहं यांत मूळनिवासींना मज्जाव करणं १९४५ साली अलास्कात गुन्हा ठरलं. त्यासाठी झालेल्या मोहिमेत त्या आणि त्यांचे पती रॉय पेराट्रोविच आघाडीवर होते. बहुतेक लेख त्यांचं एक भाषण सांगतात आणि थांबतात. आमच्या मते त्या भाषणाआधीची चार वर्षं जास्त महत्त्वाची आहेत, म्हणून खाली भर त्यांच्यावर दिला आहे.

२. अलास्का म्हणजे बर्फ आणि इग्लू. या तिथल्याच का?

नाही. त्लिंगित लोकांचा प्रदेश अलास्काच्या आग्नेय टोकाला आहे. तिथे बेटं, खाड्या, देवदाराची दाट जंगलं आणि कोकणाला लाजवेल असा पाऊस. जगण्याचा आधार सॅमन मासा, घरं लाकडी फळ्यांची, दारात कोरीव खांब. राजधानी जुनो याच भागात आहे आणि तिथे आजही बाहेरून रस्ता जात नाही, बोटीने किंवा विमानानेच पोचावं लागतं. इन्युपियाक आणि युपिक समाज उत्तरेला आणि पश्चिमेला राहतात. त्यांच्या भाषा आणि चालीरीती वेगळ्या आहेत.

१९३९ च्या गणनेत अख्ख्या अलास्काची लोकसंख्या जेमतेम ७२ हजार होती आणि त्यांतले ३२ हजारांहून अधिक मूळनिवासी होते. 'मूठभर अल्पसंख्याकांचा लढा' असं जे लिहिलं जातं, ते हा आकडा पाहिला की टिकत नाही.

३. त्यांचं लहानपण कसं गेलं? त्या दत्तक होत्या असं वाचलं.

होय. जन्म पीटर्सबर्ग या मासेमारीच्या गावातला. वानामेकर या त्लिंगित दांपत्याने त्यांना दत्तक घेतलं. वडील अँड्र्यू मच्छीमार आणि प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, आई जीन टोपल्या विणण्यात निष्णात. सिटका इथली शेल्डन जॅक्सन ही मिशनरी शाळा, मग केचिकनचं हायस्कूल आणि पुढे वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला शिक्षक-प्रशिक्षण, असा शिक्षणाचा प्रवास. डिसेंबर १९३१ मध्ये बेलिंगहॅमलाच रॉय यांच्याशी लग्न झालं. त्यानंतरची काही वर्षं क्लावॉकमध्ये गेली. रॉय यांचं ते गाव, आणि तिथे ते नगराध्यक्षही झाले.

त्लिंगितांमध्ये कूळ आईकडून येतं. त्यामुळे एलिझाबेथ यांची गणना रेव्हन, म्हणजे डोमकावळ्याच्या अर्ध्या समाजात होते. दुसरा अर्धा गरुडाचा.

४. आईकडून कूळ येत असेल तर स्त्रियांना मान असणारच. मग हक्कांसाठी वेगळं लढायची गरज काय होती?

प्रश्न रास्त आहे. कुळाच्या आत त्लिंगित स्त्रीचा शब्द चाले, व्यापाराच्या वाटाघाटीतही तिचं वजन असे. अडचण घराबाहेर, अमेरिकी कायद्याच्या हद्दीत सुरू होई.

अलास्काच्या विधिमंडळाने १९१३ साली सगळ्यांत पहिला कायदा केला तो स्त्रियांना मताधिकार देणारा. ऐकायला फार छान. पण मूळनिवासी बहुतांशी नागरिकच मानले जात नव्हते, त्यामुळे त्यांच्या स्त्रियांच्या पदरात त्यातून काही पडलं नाही. १९१५ साली नागरिकत्वाची एक वाट काढली गेली. मूळनिवासी माणसाने जुने कुळाचाराचे संबंध सोडले असल्याचं दाखवायचं, शिक्षकांसमोर परीक्षा द्यायची आणि 'हा सुधारलेला आहे' असा पाच गोऱ्या नागरिकांचा दाखला आणायचा. तोही आपल्याच भूमीत राहत असताना.

१९२२ मध्ये रँगल गावात टिली पॉल या त्लिंगित बाईंवर एका मूळनिवासी पुरुषाला मतदानाला मदत केली म्हणून खटला भरला गेला. त्यांचा मुलगा विल्यम पॉल वकील होता. त्याने हा लढा जिंकला, आणि पुढे तोच अलास्काच्या विधिमंडळातला पहिला मूळनिवासी सदस्य झाला. १९२४ साली केंद्राच्या कायद्याने सरसकट नागरिकत्व मिळालं. म्हणजे एलिझाबेथ तेरा वर्षांच्या होईपर्यंत आपण नागरिक आहोत की नाही, याचंच उत्तर धड नव्हतं.

५. 'सिस्टरहूड' म्हणजे महिला मंडळासारखं काही होतं का?

बाहेरून तसंच दिसायचं आणि त्याचा फायदाही झाला. पुरुषांची 'अलास्का नेटिव्ह ब्रदरहूड' १९१२ मध्ये सिटकाला सुरू झाली, स्त्रियांची संघटना त्यानंतर दोन-तीन वर्षांत. गावोगावी शाखा, त्यांना म्हणायचे 'कॅम्प'. दर वर्षी दोन्ही संघटनांचं एकत्र अधिवेशन भरे. खाद्यपदार्थ आणि विणकामाची विक्री करून स्त्रिया पैसा उभा करत. वकिलांची फी, प्रवासखर्च, खटले यांसाठी लागणाऱ्या पैशांत या विक्रीचा वाटा मोठा होता. उमेदवाराचा प्रचार आणि मतदारांना केंद्रावर आणणं हेही त्यांच्याकडेच.

१९२९ साली हेन्सच्या अधिवेशनात भेदभाव करणाऱ्या चित्रपटगृहांवर बहिष्कार घालायचं ठरलं. तिकीटबारीवर परिणाम झाल्यावर मालक बोलणी करायला आले. आपला पैसा कुठे टोचतो, हे सिस्टरहूडच्या बायकांना एलिझाबेथ येण्याच्या कितीतरी आधी कळलेलं होतं.

६. भेदभाव म्हणजे नेमकं काय होत होतं?

दारावर पाट्या. कुठे 'मूळनिवासींना प्रवेश नाही', कुठे 'फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी', आणि काही ठिकाणी मूळनिवासींच्या जोडीला कुत्र्यांचंही नाव. चित्रपटगृहात वेगळी बाजू किंवा वरचा सज्जा. शाळाही वेगळ्या. १९०५ च्या केंद्रीय कायद्यानुसार गोऱ्यांची मुलं आणि 'सुधारलेलं जीवन जगणारी' मिश्र वंशाची मुलं स्थानिक शाळेत जायची, बाकीच्या मूळनिवासी मुलांची केंद्राच्या खात्यामार्फत वेगळी सोय. घर भाड्याने मिळणं कठीण होतंच.

शाळा सोडल्या तर हे सगळं करा असं कोणत्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. करू नका असंही नव्हतं, आणि मोहिमेने नेमकं तिथे बोट ठेवलं.

७. एलिझाबेथ यांची मोहीम कुठून सुरू झाली?

१९४१ मध्ये कुटुंब जुनोला आलं. रॉय तेव्हा ब्रदरहूडचे मुख्य अध्यक्ष होते, एलिझाबेथ सिस्टरहूडच्या. आवडलेलं एक घर भाड्याने घ्यायला गेल्यावर, हे मूळनिवासी आहेत हे पाहून मालकाने नकार दिला. त्याच सुमारास जुनोसमोरच्या डग्लसमधल्या एका खाणावळीच्या दारावर मूळनिवासींना मज्जाव करणारी पाटी दिसली.

३० डिसेंबर १९४१ रोजी दोघांनी गव्हर्नर अर्नेस्ट ग्रुएनिंग यांना पत्र लिहिलं. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता. पत्रातला युक्तिवाद मुद्देसूद आहे: जर्मनीत ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्यांच्या बातम्यांनी आपण हादरतो, आणि इथे तशीच पाटी आहे. ज्या स्वातंत्र्यावर तो मालक धंदा करतो, त्याच्यासाठी आमची मुलंही गोऱ्या मुलांइतक्याच तयारीने जीव द्यायला उभी आहेत. आम्ही शाळेचा कर भरतो आणि आमच्याच मुलांना त्या शाळांत घेत नाहीत. ग्रुएनिंग स्वतः ज्यू होते, हा योगायोग पत्र लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं वाटत नाही.

गव्हर्नरांनी काही मालकांना पाट्या काढायला सांगून पाहिलं. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. मग कायद्याचा मार्ग धरला गेला.

८. पहिल्याच प्रयत्नात कायदा झाला का?

नाही. १९४३ चं विधेयक कनिष्ठ सभागृहात ८ विरुद्ध ८ अशा बरोबरीत अडकून पडलं.

पुढची दोन वर्षं लेखांत एका ओळीत उरकली जातात, पण सगळी गंमत तिथे आहे. मधल्या काळात विधिमंडळाच्या जागा २४ वरून ४० झाल्या: सिनेट ८ वरून १६, प्रतिनिधीगृह १६ वरून २४. नव्या जागा म्हणजे नवी संधी. मूळनिवासींनी निवडणुकीला उभं राहावं, मतदान करावं यासाठी दोन्ही संघटनांनी जोर लावला. १९४४ च्या निवडणुकीत क्लावॉकचे फ्रँक पेराट्रोविच, म्हणजे रॉय यांचे भाऊ, आणि सिटकाचे अँड्र्यू होप निवडून आले.

युद्धामुळेही हवा बदलली होती. मूळनिवासींचा मोठा भरणा असलेल्या प्रादेशिक रक्षक दलात हजारो स्वयंसेवक बिनपगारी किनारा राखत होते. दुसरीकडे अल्युशियन बेटांवरच्या उनांगान लोकांना 'सुरक्षिततेसाठी' घरं सोडायला लावून आग्नेय अलास्कातल्या मोडक्या कारखान्यांच्या आवारात ठेवलं होतं, आणि तिथे अनेक जण आजाराने दगावले.

९. चित्रपटगृहात गोऱ्यांच्या बाजूला बसल्याबद्दल अटक झाली ती एलिझाबेथ यांनाच ना?

नाही, ही सरमिसळ फार होते. ती मुलगी अल्बर्टा शेंक. नोम हे गाव, साल १९४४, आणि तिचं वय सोळाच्या आसपास. तिची आई इन्युपियाक. चित्रपटगृहात ठरवून दिलेल्या बाजूला बसायला नकार दिला म्हणून तिला रात्रभर कोठडीत ठेवलं. तिने गव्हर्नरांना तार केली. पुढच्या वर्षी विधेयक मांडलं ते नोमचेच प्रतिनिधी एडवर्ड अँडरसन यांनी. अल्बर्टाचं नाव वगळून ही कथा सांगू नये असं आम्हाला वाटतं.

१०. ५ फेब्रुवारी १९४५ च्या सुनावणीत काय झालं?

प्रतिनिधीगृहात विधेयक १९ विरुद्ध ५ मतांनी आधीच मंजूर झालं होतं. सिनेटमध्ये विरोध कडवा निघाला. जुनोचे सिनेटर अ‍ॅलन शॅटक यांचं म्हणणं होतं की दोन वंश जितके लांब राहतील तितकं बरं. फेअरबँक्सच्या फ्रँक व्हेली यांनी चित्रपटगृहात शेजारी बसणाऱ्यांच्या वासाची तक्रार केली. बाजूने बोलणारेही होते. नोमचे सिनेटर कॉक्रन यांनी भेदभावाची प्रत्यक्ष उदाहरणं मांडली. रॉय बोलले. प्रथेप्रमाणे नंतर प्रेक्षकांतून कोणाला बोलायचं आहे का, असं विचारलं गेलं आणि एलिझाबेथ पुढे आल्या.

शॅटक यांनी विचारलं की कायद्याने भेदभाव संपेल का? एलिझाबेथ यांच्या उत्तराचा आशय असा: चोरी आणि खुनाविरुद्ध कायदे आहेत, म्हणून ते गुन्हे थांबले का? कोणताही कायदा गुन्हा नाहीसा करत नाही, पण निदान या परिस्थितीतलं वाईट तुम्ही ओळखता आणि ते दूर करायला मदत करायची तुमची इच्छा आहे, हे कायदेमंडळ म्हणून जगाला सांगता येईल.

सिनेटने ११ विरुद्ध ५ मतांनी विधेयक मंजूर केलं. १६ फेब्रुवारी १९४५ ला ग्रुएनिंग यांची सही झाली. सहीच्या प्रसिद्ध छायाचित्रात गव्हर्नर टेबलाशी बसलेले आणि मागे उभ्या असलेल्या घोळक्यात एलिझाबेथ एकट्याच स्त्री आहेत.

११. 'पाच हजार वर्षांची संस्कृती' हे गाजलेलं वाक्य त्यांनी खरंच उच्चारलं का?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. एका सिनेटरने 'नुकतेच रानटीपणातून बाहेर आलेले हे लोक' असं हिणवलं, आणि एलिझाबेथ यांनी त्याचेच शब्द उलटवून, पाच हजार वर्षांच्या संस्कृतीवाल्या सभ्य गृहस्थांना मूलभूत हक्कांच्या सनदेची आठवण मी करून द्यावी लागेल असं वाटलं नव्हतं, असं सुनावलं, हा तो प्रसंग.

हा संवाद या रूपात येतो तो ग्रुएनिंग यांच्या १९७३ च्या आत्मचरित्रातून, घटनेनंतर अठ्ठावीस वर्षांनी. दुसऱ्या दिवशीच्या जुनोच्या वर्तमानपत्रात सुनावणीचा बराच तपशील आला. प्रश्न १० मधलं चोरी-खुनाचं उत्तर त्याच्याशी जुळतं. त्यामुळे उद्धृत करायचंच तर ते करा. गाजलेलं वाक्य द्यायचं असेल तर 'ग्रुएनिंग यांनी सांगितल्याप्रमाणे' एवढं जोडा.

खरं सांगायचं तर चोरी-खुनाचं उत्तर जास्त धारदार आहे. पहिल्यात समोरच्याचा पाणउतारा आहे. दुसऱ्यात 'कायद्याने मनं बदलत नाहीत' या जगभर चालणाऱ्या सबबीचा निकाल लावलेला आहे.

१२. कायद्यात नेमकं काय होतं?

छोटा कायदा होता. हॉटेलं, खाणावळी, सोडा-फाउंटन, आइस्क्रीमची दुकानं, न्हाव्याची दुकानं, ब्युटी पार्लर, चित्रपटगृहं, स्केटिंगची मैदानं, प्रवासी वाहतूक अशा सार्वजनिक ठिकाणी सर्व नागरिकांना समान सोय. ती नाकारणं हा गुन्हा, आणि वंशावरून मज्जाव करणारी पाटी लावणं हाही. शिक्षा ३० दिवसांपर्यंत तुरुंगवास किंवा २५० डॉलरपर्यंत दंड किंवा दोन्ही.

पाटी हाच गुन्हा ठरवल्यामुळे साक्षीदार शोधत बसायची गरज उरली नाही. पाटी दारावर आहे की नाही, एवढंच बघायचं.

१३. हा अमेरिकेतला पहिला भेदभावविरोधी कायदा होता का?

सरसकट 'पहिला' म्हणू नका. मॅसॅच्युसेट्सने सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाविरुद्ध १८६५ मध्येच कायदा केला होता, आणि १८८० च्या दशकात उत्तरेकडच्या बऱ्याच राज्यांनी केले. अलास्का १९४५ साली राज्यही नव्हतं, केंद्रशासित प्रदेश होता. निश्चित सांगता येतं ते इतकं: देशभर लागू झालेल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या एकोणीस वर्षं आधी, मूळनिवासींच्या संघटनांनी स्वतः रेटून हा कायदा करवून घेतला. 'पहिला' हे बिरूद नसलं तरी त्याचं काही अडत नाही.

१४. घर नाकारण्यापासून हे सुरू झालं. मग या कायद्याने घर मिळू लागलं का?

नाही. घरभाडं त्यात नव्हतं, नोकरीही नव्हती. प्रश्न ७ मधल्या घरमालकावर या कायद्याखाली कारवाई झाली नसती, खाणावळीच्या मालकावर झाली असती.

शाळांचंही तसंच. दुहेरी व्यवस्था कायद्यानंतरही रेंगाळली. लहान गावांतल्या मूळनिवासी मुलांना हायस्कूलसाठी घरापासून शेकडो मैल लांब पाठवलं जाई. हे थांबवण्यासाठी मॉली हूच या युपिक विद्यार्थिनीच्या नावाने ओळखला जाणारा खटला लढावा लागला. १९७६ मध्ये तडजोड होऊन शंभराहून अधिक गावांत हायस्कूल काढायचं राज्य सरकारने मान्य केलं.

१५. आणि जमिनीचं?

तिथे मित्रही विरोधात गेले. ग्रुएनिंग समान वागणुकीचे खंदे पुरस्कर्ते, पण मूळनिवासींसाठी राखीव भूभाग ठेवण्याला त्यांचा विरोध होता. हॉटेलात शेजारी बसू देणं वेगळं आणि जंगलावरचा, मासेमारीवरचा हक्क मान्य करणं वेगळं. पहिल्याने कोणाच्या उत्पन्नाला धक्का लागत नव्हता. जमिनीचा व्यापक निवाडा व्हायला १९७१ उजाडलं. त्यात ४ कोटी ४० लाख एकर जमीन मूळनिवासींच्या कंपन्यांच्या नावे झाली. त्या व्यवस्थेवर तिथे अजूनही वाद आहेत, तो स्वतंत्र विषय आहे.

१६. ब्रदरहूड-सिस्टरहूड स्वतःच 'इंग्रजी बोला, जुन्या चाली सोडा' म्हणायच्या, हे खरं का?

सुरुवातीच्या काळात होय. संस्थापकांपैकी बरेच जण मिशनरी शाळांत शिकलेले. नागरिकत्व मिळवायचं तर 'सुधारलेपण' सिद्ध करा, अशी अटच होती (प्रश्न ४ पाहा), आणि ती अट संघटनेत झिरपली. पण अधिवेशनांत वडीलधारे त्लिंगितमध्ये बोलतच राहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी भाषा आणि समारंभ याच संघटनांमधून जपले. ढोंगी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. त्या अटीखाली जगून पाहिलं तर निवाडा इतका झटपट होणार नाही.

१७. श्रेय कोणाचं? एलिझाबेथ यांचं की रॉय यांचं?

पत्रावर दोघांच्या सह्या, सुनावणीत दोघांची भाषणं, पाठीशी दोन्ही संघटना. दीर्घकाळ रॉय यांचं नाव आधी येत असे, आता पारडं इतकं फिरलंय की कित्येक लेखांत रॉय 'त्यांचे पती' एवढेच उरतात. दोन्ही चुकीचं. आणि विक्रीच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या, नावं कुठेच न छापलेल्या सिस्टरहूडच्या बायका या वाटणीत कधी येतच नाहीत.

१८. कायद्यानंतर त्यांचं काय झालं?

रॉय यांच्या शिक्षण आणि नोकरीमुळे कुटुंब काही वर्षं अलास्काबाहेर होतं. एलिझाबेथ राष्ट्रीय पातळीवरच्या मूळनिवासी संघटनेतही काम करत राहिल्या. स्तनाच्या कर्करोगाने त्या वयाच्या ४७ व्या वर्षी गेल्या. महिनाभराने, ३ जानेवारी १९५९ ला अलास्काला राज्याचा दर्जा मिळाला. जुनोच्या एव्हरग्रीन दफनभूमीत त्यांची कबर आहे. रॉय १९८९ पर्यंत होते.

१९. त्यांचा दिवस १६ फेब्रुवारी की ३० डिसेंबर?

१६ फेब्रुवारी. कायद्यावर सही झाली तो दिवस, १९८८ पासून अलास्कात 'एलिझाबेथ पेराट्रोविच दिन'. ३० डिसेंबरचा गोंधळ २०२० साली गूगलने त्या तारखेला केलेल्या डूडलमुळे झाला. ती तारीख प्रश्न ७ मधल्या पत्राची. त्याच वर्षी अमेरिकेच्या एक डॉलरच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आला. शेजारचा पक्षी गरुड आहे का, असंही विचारतात. तो रेव्हन आहे (प्रश्न ३).

२०. उत्तरेकडच्या अशा आणखी कोणाबद्दल वाचावं?

एल्सा लाउला रेनबर्ग यांच्यापासून सुरुवात करा. १८७७ चा जन्म, स्वीडनमधल्या दक्षिण सामी समाजातल्या (सामी हे उत्तर युरोपातले मूळनिवासी). स्टॉकहोमला सुईणीचं शिक्षण घेतलं, १९०४ मध्ये सामींची संघटना काढली आणि जमिनीच्या हक्कांवर पुस्तिका लिहिली. लग्नानंतर नॉर्वेत गेल्यावर १९१० मध्ये सामी स्त्रियांची संघटना उभी केली. ६ फेब्रुवारी १९१७ ला ट्राँडहाइममध्ये सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सामींची पहिली मोठी परिषद भरली, तिच्यामागे त्याच होत्या. त्या तारखेला आज सामी राष्ट्रीय दिन असतो.

कॅनडात बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की मूळनिवासी स्त्रीचा कायदेशीर दर्जा जाई, आणि पुरुषाने तसंच लग्न केलं तर त्याच्या बायकोला तो मिळे. त्याविरुद्ध मेरी टू-अ‍ॅक्स अर्ली, जेनेट कॉर्बिएर लाव्हेल आणि सँड्रा लव्हलेस लढल्या. लाव्हेल सर्वोच्च न्यायालयात हरल्या. लव्हलेस यांचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेलं आणि १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरलं. कायदा बदलला तो १९८५ मध्ये, तोही अर्धवट.